नीट बोलणारी मुलगी

सरांनी रिमोट उचलला आणि पडद्यावरच्या मुलीचा आवाज बंद केला.

मुलगी बोलतच राहिली. ओठ हलत होते, मधूनच हात छातीपाशी जाऊन परत मांडीवर येत होता. तिच्यासमोरच्या खुर्चीत मांडीवर वही घेऊन एक समुपदेशिका बसली होती, आणि तीच समुपदेशिका या खोलीत पहिल्या रांगेत बसून स्वतःकडे बघत होती.

"सर, आवाज गेला," ती म्हणाली.

"गेला नाही, मी घालवला. दोन मिनिटं असंच बघू या."

तिला सगळे स्कॉलर म्हणत. शाळेत असताना काकांनी कौतुकानं ठेवलेलं हे नाव सासरपर्यंत आलं आणि तिथून या प्रशिक्षणाच्या वर्गात कसं पोचलं, देव जाणे. पण एकदा पोचल्यावर ते तिथंही चिकटलं, कारण नावात खोटं काही नव्हतं. वाचायला दिलेलं सगळं वाचून येणारी ती एकटीच होती. बाकीचे चहाच्या सुट्टीत तिच्याकडून ऐकून घेत आणि नंतर तिलाच चिडवत.

वर्ग होता खाण्याच्या आजारांवरच्या उपचारांचा. अन्नाशी वैर धरलेल्या माणसांशी बोलायचं कसं, हे शिकायला दवाखान्यांतली मंडळी इथं जमत. उपचाराला मेंटलायझेशन असं भारदस्त नाव होतं, आणि सरांनी पहिल्याच दिवशी त्यातली हवा काढून टाकली होती. आपल्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो अंदाजच आहे हे विसरायचं नाही, बस्स, ते म्हणाले होते. ऐकायला सोपं होतं. ज्याला त्याला "मला कुतूहल वाटतंय" असं म्हणायची सवय मात्र लगेच लागली. स्कॉलरचा नवरा तर हल्ली पहिला घास घेऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "आज मीठ घातलंय की नाही, याविषयी मला कुतूहल वाटतंय."

या वेळी सरांनी प्रत्येकाला एक चित्रफीत आणायला सांगितली होती, रुग्णाच्या परवानगीनं काढलेली आणि फसलेल्या भेटीची. चांगल्या भेटीतून काय शिकणार, असं त्यांचं म्हणणं. वॉर्डच्या सिस्टरांनी आणलेल्या फितीत रुग्ण अर्ध्यातून उठून, दार आपटून निघून गेली होती. तरण्या डॉक्टरच्या फितीत सगळा वेळ डॉक्टरच बोलत होता. सगळे पोट धरून हसले होते, तोही हसला होता. स्कॉलरनं मात्र आपली सगळ्यात चांगली भेट आणली. फसलेली सापडलीच नाही, असं ती म्हणाली, आणि तसं तिला मनापासून वाटतही होतं.

आवाज चालू होता तोवर सगळं झकास चाललं होतं. मुलगी कॉलेजातली, बारीक अंगाची, पण बोलण्यात कुठं अडखळणं नाही. "मला वाटतं, आईवर चिडते तेव्हा मी चिडलेय हेच मला कळत नाही. मग तो राग ताटावर निघतो," असं ती म्हणाली तेव्हा तरणा डॉक्टर "वा!" म्हणून गेला होता. एखाद्या गाण्याला द्यावी तशी दाद दिली होती त्यानं. स्कॉलरला आतून गुदगुल्या झाल्या होत्या.

आता शब्द नव्हते, आणि खोलीतले सगळे जरा पुढे झुकून बसले.

मुलगी काहीतरी बोलली आणि थांबली. डोळे वर करून तिनं समोरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरच्या भुवया उचलल्या गेल्या, पेन वहीवर चाललं, आणि मुलगी पुढे बोलू लागली. पुन्हा थांबली, पुन्हा पाहिलं. या वेळी पेन हललं नाही. मुलीनं मान किंचित तिरकी केली, बोलण्याचा रोख बदलला, हात छातीशी नेला. पेन चाललं. मुलीचे खांदे खाली आले.

"अगंबाई," सिस्टर हळूच म्हणाल्या, "ती पेन बघून बोलतीये."

कुणी हसलं नाही. स्कॉलरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एकदा दिसलं आणि मग दुसरं काही दिसेचना. मुलीची नजर वर, पेन, मुलीची नजर वर, पेन. पडद्यावर जाऊन आपल्या हातातलं ते पेन हिसकावून घ्यावं असं तिला झालं.

सरांनी चित्र थांबवलं.

"सर, माझं काय चुकलं?"

"चुकलं कुठं? तुम्ही मन लावून ऐकत होतात. ती मन लावून तुम्हाला हवं ते देत होती." सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पुस्तकात याला मोठं नाव आहे. मी भातुकलीचं बोलणं म्हणतो. ताटं वाढली जातात, सगळे जेवल्यासारखं करतात आणि पोटात काहीच जात नाही. मूल त्यात खोटं बोलत नसतं हं, खेळत असतं. ही मुलगीसुद्धा खोटं बोलत नाहीये. हुशार आहे, तुमची भाषा शिकलीये."

स्कॉलरनं पाठ सरळ केली. मग वर्गात जसं म्हणायचं तसं ती म्हणाली, "मला माझ्या खात्रीविषयी आता कुतूहल वाटतंय."

दोनचार माना डोलल्या. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"हे खरंच वाटतंय, की मला आवडेल म्हणून म्हणालात?"

तिनं मांडीवरच्या वहीचं पान उलटलं. वाचून आलेल्या कुठल्याच पानावर हा प्रश्न नव्हता.

"कुतूहल राहू दे. काय होतंय आत्ता?"

"भीती वाटतेय," ती म्हणाली. आवाज फुटल्यासारखा आला, तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"कशाची?"

मग तिनं सांगितलं. आज चार वाजता दवाखान्यात बैठक होती. या मुलीला वॉर्डात भरती करायचं की घरी ठेवून उपचार चालू ठेवायचे, ते तिथं ठरणार होतं. वजन काही केल्या चढत नव्हतं, नाडी मंद होती, वॉर्डच्या डॉक्टरबाई केव्हापासून भरती करा म्हणत होत्या. घरीच ठेवा, असं गेल्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं होतं ते स्कॉलरनं. मुलगी भेटींत इतकं छान उघडतेय, आता वॉर्डात टाकलंत तर मिटून जाईल, असं ती म्हणाली होती. तिच्या शब्दावर सगळे थांबले होते.

"आणि त्याआधी दोन वाजता तिची माझी भेट आहे," ती म्हणाली. "मी तिला काय सांगू, सर?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला माहीत नाही."

"बरं झालं," सर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या फितीकडे हात नेला.

तिला त्यांचा असा राग आला की बस. यांच्या वर्गात माहीत नाही म्हटलं की शाबासकी मिळते, आणि तिकडे त्या पोरीचं हृदय केव्हा दगा देईल सांगता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती समोरच्या डब्याशी नुसती खेळत बसली. या मंडळींत बसून जेवण टाकणं म्हणजे मोठी पंचाईत असते. कुणी बघत नाही असं दाखवून सगळेच बघतात. शेवटी सिस्टर शेजारी येऊन टेकल्या.

"दोन घास खा गं. उपाशी डोकं चालत नाही, हे आपण दिवसभर दुसऱ्यांना ऐकवतो."

"सिस्टर, तिला काही झालं तर?"

सिस्टरांनी होणार नाही असं म्हटलं नाही. वॉर्डात वीस वर्षं काढलेलं माणूस असं उगाच म्हणत नाही. त्यांनी डबा तिच्याकडे आणखी थोडा सरकवला.

बाहेर येऊन चालता चालता स्कॉलरनं वॉर्डच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. बैठक पुढे ढकलता येईल का, तिनं विचारलं.

"नाही गं बाई. एकच खाट रिकामी आहे आणि दोघीजणी रांगेत. का, काय झालं?"

"मला जरा शंका येतेय."

"हे बघ, ती छान बोलतेय हे तूच सांगितलंस. मी तर भरतीच करणार होते. आता पाय मागे घेणार असशील तर चार वाजता काहीतरी ठोस घेऊन ये. नुसती शंका मी आईबापांना काय म्हणून सांगू?"

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण गाडीतळाच्या विरुद्ध दिशेला बरंच चालत आलो आहोत.

दवाखान्यात मुलगी नेहमीसारखी वेळेआधी येऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. आत बोलावल्यावर नीट दार लावून, हसून, आपल्या खुर्चीत बसली. अंगात लांब बाह्यांचा ढगळ सदरा, केस घट्ट बांधलेले. बघताक्षणी कुणालाही आवडावी अशी मुलगी. कोपऱ्यातली तिपाई रिकामी होती, तिकडे तिचं लगेच लक्ष गेलं.

"आज कॅमेरा नाही, मॅडम?"

"नाही."

"का? मागचं चांगलं नव्हतं आलं?"

वही आणि पेन स्कॉलरनं मुद्दाम पिशवीतच ठेवलं होतं, पण त्यामुळे आता हातांचं काय करावं ते कळेना. तिनं ते एकमेकांत गुंतवले.

"सगळ्यांना आवडलं. फार छान बोललीस म्हणाले." ती थांबली. "ते बघताना मला मात्र एक प्रश्न पडला. तू जे बोलतेस ते तुला सांगायचं असतं म्हणून बोलतेस, की मला ऐकायचं असतं म्हणून? खरंच सांगते, मला कळत नाहीये."

मुलीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भुवया हलू नयेत म्हणून स्कॉलरनं इतका जोर लावला की कपाळ दुखायला लागलं.

"मला वाटतं," मुलगी सावकाश म्हणाली, "मला लोकांना नाराज करायची भीती वाटते. लहानपणापासूनच असेल ते."

स्कॉलरनं गुंतवलेली बोटं तशीच घट्ट धरून ठेवली.

"म्हणजे आईला. आईला नाराज करायची." मुलीनं वाट पाहिली. "किंवा कदाचित मी माझा राग असा लपवत असेन. चांगलं वागून."

वाक्यं एकाहून एक सुरेख होती. गेल्या आठवड्यात यातल्या प्रत्येकावर तिचं पेन धावलं असतं. मुलगी एखाद्या बंद दाराला किल्ल्या लावून बघाव्यात तशी एकेक वाक्य लावून बघत होती, आणि आपण ते दार आहोत हे कळल्यावर स्कॉलरला तिथं बसवेना.

"मॅडम, मी कुठं चुकले?"

"चुकली नाहीस गं."

"मग काहीच का म्हणत नाही तुम्ही?"

"कारण मला भीती वाटतेय," स्कॉलर म्हणाली. हे असं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. "चार वाजता तुझ्याबद्दल बैठक आहे, तुला ठाऊकच आहे. तू घरीच राहावंस असं मी सांगितलं होतं. तू इतकं छान बोलतेस म्हणून सांगितलं होतं. आज मला त्याची खात्री नाही. माझं चुकलं असेल आणि तुला काही झालं, तर... तुझ्या जिवाची भीती वाटतेय मला."

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. त्याखालचा चेहरा कितीतरी लहान होता, आणि संतापलेला.

"म्हणजे भरती करणार मला!"

"ते अजून ठरलं नाहीये."

"मी एवढं सगळं नीट बोलले तरी? दर वेळी? घरून तयारी करून येत होते मी! बसमध्ये आठवत बसायचे, आज मॅडमना काय सांगायचं! आणि आता तुम्ही म्हणता..." तिचा आवाज चिरकला. तिनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत बसली.

तयारी करून. स्कॉलरला दरदरून घाम फुटला. कपाळ, मान, पाठ, सगळं ओलं झालं. काहीतरी करायचं म्हणून ती उठली आणि पंखा वाढवायला भिंतीवरच्या बटणाशी गेली.

"तो नका ना वाढवू."

भिंतीकडेच बघत मुलगी म्हणाली होती. आवाजात आर्जव नव्हतं की गोडवा नव्हता, नुसता वैताग होता.

स्कॉलरचा हात बटणावरच राहिला. "का गं?"

"थंडी वाजते."

"आत्ता?"

"नेहमीच वाजते. इथं तर फार."

"इथं म्हणजे पहिल्या भेटीपासून?"

मुलीनं खांदे उडवले.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला गरम होत असतं ना," मुलगी म्हणाली.

स्कॉलरनं पंखा बंद केला. पाती गरगरत राहिली, मग सावकाश वेगवेगळी दिसू लागली आणि थांबली. खोलीत एकदम शांत झालं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी फोनवर पत्ता सांगत होतं, तो इथं शब्दन्‌शब्द ऐकू यायला लागला. ती येऊन खुर्चीत बसली. घाम कानामागून गळ्याकडे उतरत होता, तो तिनं पुसला नाही. इतके महिने ही पोर समोर काकडत बसत होती आणि आपण तिच्या मनाच्या तळाशी पोचल्याच्या आनंदात वाऱ्याखाली बसून टिपणं काढत होतो. हे मनात आल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं लपवलं नाही, पण त्याबद्दल बोललीही नाही. बोलली असती तर मुलगी लगेच तिचीच समजूत काढायला लागली असती.

मुलीनं सदऱ्याच्या बाह्या ओढून बोटं आत घेतली.

"रात्री जास्त वाजते," ती म्हणाली. या खेपेला 'मला वाटतं' नव्हतं. "आई झोपली की तिच्या खोलीतलं पांघरूण आणते. सकाळी ती उठायच्या आत परत ठेवते. तरीपण जात नाही. आणि मग छातीत असं... मधेच थांबल्यासारखं होतं. मग जागीच राहते. झोपले आणि थांबलंच तर, म्हणून."

स्कॉलरला विचारायचे प्रश्न एकदम दहा आठवले. तिनं एकच विचारला.

"हे कुणाला सांगितलंयस?"

"नाही."

पलीकडचा पत्ता सांगून संपला. मुलीनं नाक बाहीला पुसलं, एखाद्या शाळकरी पोरीसारखं.

"चार वाजता त्यांना सांगाल?"

"काय सांगू?"

"हेच. थंडीचं. आणि ते छातीतलं." ती घुटमळली. "पण मी सांगितलं असं नका सांगू. तुमच्याच लक्षात आलं म्हणा."

स्कॉलर बोलणार होती. तिनं तोंड उघडलंही होतं. मग ते मिटून ती तशीच बसून राहिली. मुलगी आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. या खेपेला तिनं वर पाहिलं नाही.

"नाही," मुलगी म्हणाली. "मी सांगितलं असंच सांगा."

बैठकीच्या खोलीत स्कॉलर पोचली तेव्हा सगळे आले होते. मुलीला आणि बैठकीसाठी आलेल्या तिच्या आईला तिनं बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. आईनं स्वतःची शाल मुलीच्या अंगावर टाकली होती आणि काही न विचारता तिची बोटं हातात धरून चोळत होती. डॉक्टरबाईंनी समोरचे कागद सारखे केले.

"हं, बोल. घरीच ठेवायचं ना? तुझं मत काय?"

"माझं मत नंतर सांगते," स्कॉलर म्हणाली. "आधी तिचा निरोप आहे."

आणि तिनं तो सांगितला, पदरचा एक शब्दही न घालता.